आधी आखाड्यावर जा

नांदेड,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. माईस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. ब्लॉगर घ्यावं की वर्डप्रेस, नाव काय ठेवावं, डोमेन विकत घ्यावं का, थीम कोणती, आणि सगळ्यात शेवटी 'मामा, लिहू कशावर?' या क्रमाने तू विचारलं आहेस. हा क्रम उलटा कर. शेवटचा प्रश्न सुटला तर बाकीच्यांना दोन संध्याकाळी पुरतात. तो सुटला नाही तर थीम बदलता बदलता पावसाळा येईल.

तू विषयांची यादी पाठवलीस: प्रवास, पाककृती, आरोग्य, प्रेरणादायी विचार. प्रेरणादायी विचार रोज सकाळी सहा वाजता तुमच्या साखऱ्यातल्या प्रत्येक मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट येऊन पडतात. त्यात आणखी भर कशाला? आरोग्यावर लिहायला डॉक्टर आहेत. तू तिथे बसून जे रोज बघतेस आणि दुसऱ्या कोणाला दिसत नाही, ते या यादीत कुठेच नाही.

हळदीचंच घे. महिन्याभरात काढणी सुरू होईल. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाचं नाव लांबलांबचे व्यापारी घेतात, तेव्हा विषय काही नवा नाही. 'हळद लागवड : संपूर्ण माहिती' या नावाचे लेख नेटवर ढिगाने सापडतात. ते सगळे एकमेकांची नक्कल करतात. एकरी बेणं किती, गादीवाफा किती रुंद, करप्याला फवारणी कोणती. पण सेनगावच्या बाजूला एखाद्या शेतातल्या आखाड्यावर हळद शिजवायचा कुकर आला की काय घडतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. कुकरवाल्याकडे नंबर कसा लागतो? मजुरी कशावर ठरते, जळतण कोण देतं? हळद शिजली हे बायका कशावरून सांगतात, काडी टोचून की वासावरून? शिजवलेली हळद पसरली आणि आभाळ भरून आलं तर ताडपत्र्या घेऊन कोण कोण पळतं? पाच क्विंटल ओली हळद वाळून जेमतेम एक क्विंटल हाती येते, हे दाजींना तोंडपाठ आहे. ठाण्यात वर्षाच्या हळदीचा डबा भरणाऱ्या बाईला ते माहीत नसतं, आणि कळमनुरीत यंदा पहिल्यांदा हळद लावलेल्या पोराला ते कळायलाच हवं असतं. एकाच मजकुराने दोघांचं काम होतं.

म्हणून थीम बघत बसण्याआधी आखाड्यावर जा. वही घेऊन जा. दाजींना विचार, मजुरांना विचार, आकडे लिहून घे. एका दिवसाचं काम सकाळपासून अंधार पडेपर्यंत बघ. तो तुझा पहिला मजकूर.

'साखऱ्यासारख्या खेड्यातून लिहिलेलं कोण वाचणार?' हेही तू विचारलंस. मुकुंदराव पाटलांचं नाव तुला शाळेत कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्यांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक काढलं ते नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून. पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीहून ते निघत राहिलं, थेट १९६७ साली मुकुंदराव गेले तोपर्यंत. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, आणि अंक पोस्टाने बाहेर. धंदा घरातलाच होता म्हण. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढलं होतं. म्हणजे मुकुंदरावांना पुण्याची वाट माहीत नव्हती असं नाही. पण त्यांना लिहायचं होतं सावकारावर, भटभिक्षुकांवर, गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरावर, आणि ही मंडळी त्यांच्या दारावरून रोज जात होती. 'कुलकर्णी लीलामृत' हे त्यांचं पुस्तक पोथीच्या थाटात लिहिलेलं आहे. वतनदार कुलकर्णी जवळून बघितल्याशिवाय तसं लिहिता येत नाही.

माझ्या मते 'दीनमित्रा'चं वजन याच्यातच होतं. लिहिलेलं खरं की खोटं, हे वाचकाला चावडीवर जाऊन तपासता येत होतं. तुझंही तसंच होणार आहे. अमक्या दिवशी मोंढ्यात हळदीला अमका भाव निघाला असं तू लिहिलंस, तर कोणीतरी खिशातली पट्टी काढून ताडून बघेल. शहरातल्या लेखकाला हा धाक नसतो, आणि त्याच्या लिखाणात तो नसल्याचं दिसतं. तेव्हा भाव लिहिशील तिथे तारीख लिही, बाजार कोणता ते लिही, माल हळकुंड की गड्डा ते लिही. 'सध्या', 'नुकतंच', 'यंदा' हे शब्द वर्तमानपत्रात चालतात, कारण दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात. तुझं लिखाण तीन वर्षांनी कोणी उघडलं तर त्याला 'यंदा' म्हणजे कधी ते कळणार नाही.

एका मजकुरात एकच विषय. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात आली. पत्र आटोपशीर, विषय एक, सांगणं थेट. तेव्हा लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पंचविशीत होते, तुझ्याहून फार मोठे नाहीत. अशी करता करता १०८ पत्रं झाली. (त्यांना 'आद्य मराठी ब्लॉगर' म्हणणारे लोक भेटतात. तू तसलं काही लिहू नकोस.) त्यांच्याकडून घ्यायचं ते सातत्य. रोज लिहीन अशी शपथ घेऊ नकोस, आठवड्याला एक पुरे, पण वार ठरव आणि मोडू नकोस. चार मजकूर लिहून तयार झाल्याशिवाय पहिला टाकूच नकोस. पुढे परीक्षा येते, कोणाचं लग्न निघतं, काढणीत आठ दिवस मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा शिलकीतला मजकूर कामाला येतो.

आता तुझ्या यंत्राच्या शंका. ब्लॉगर घे. ते २००३ पासून गुगलकडे आहे, फुकट आहे, आणि तुझ्या जीमेलवरच चालू होतं. स्वतःची जागा भाड्याने घेऊन वर्डप्रेस बसवणं चांगलं, पण त्याची देखभाल असते आणि दरवर्षी पैसे भरावे लागतात. सहा महिने नियमित लिहिलंस तर डोमेनचे पैसे मी भरीन, आधी नाही. थीम पांढरी, साधी, अक्षर मोठं ठेव, कारण तुझा वाचक उन्हात उभा राहून फोनवर वाचणार आहे.

एक खुबी मात्र लक्षात ठेव, नवे लोक हमखास इथे चुकतात. देवनागरी शीर्षकावरून ब्लॉगरला नीट पत्ता बनवता येत नाही. तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे असला निरर्थक पत्ता तयार करतो. म्हणून प्रसिद्ध करायच्या आधी पर्मालिंकच्या चौकटीत रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः टाक. एकदा प्रसिद्ध झालं की तो सहज बदलता येत नाही. आणि शीर्षक असं ठेव की माणूस ज्या शब्दांत शोधेल ते शब्द त्यात असतील. 'सोनेरी स्वप्न' असं शीर्षक दिलंस तर हळदीच्या कुकरची मजुरी शोधणारा तुझ्यापर्यंत येणार कसा?

टायपिंग युनिकोडमध्येच कर. सेनगावात डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये काही टाइप करून आणशील तर ते नेटवर चिकटवल्यावर अगम्य खुणांची रांग दिसेल. मोबाइलचा मराठी कीबोर्ड पुरेसा आहे. त्यातही एक खाच आहे: 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडेलच असं नाही. तू शेतीवर लिहिणार म्हणजे हा शब्द ओळीओळीला येणार. एकच कीबोर्ड धरून राहा.

बोलून टाइप करायची सोय गुगलने २०१७ मध्ये मराठीला दिली. तिचा खरा उपयोग आजीसाठी. तिला जात्यावरच्या ओव्या येतात हे अक्का सांगत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या पी. साईनाथांच्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला आणि वाचायला मिळतात. त्या ओव्यांशेजारी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. तूही तसंच कर. आजीला आधी सांग की हे सगळ्यांना ऐकू जाणार आहे, ती हो म्हणाली तरच रेकॉर्ड कर. टाइप करताना मात्र तिचं 'आलती', 'गेलती' पुस्तकी करू नकोस. फोनचं यंत्र ते आपणहून 'आली होती', 'गेली होती' करून टाकेल, ते परत जागेवर आण.

यंत्रावरून आठवलं. हळदीवर बाराशे शब्द दे म्हटलं की मिनिटात देणारी यंत्रं आता आली आहेत. तुझा मोह मी समजू शकतो. पण त्या बाराशे शब्दांत जे असेल ते आधीच कोणीतरी कुठेतरी लिहिलेलं असेल, आणि साखऱ्याच्या आखाड्यावरचं कोणी लिहिलेलंच नाही. शुद्धलेखन तपासायला वापर, हरकत नाही.

फोटो स्वतः काढ. गुगलवर दिसला म्हणून उचलू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाऱ्याचा हक्क काढल्या क्षणापासून असतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही. तोच कायदा तुझ्याही बाजूने आहे. तुझा मजकूर कोणी नाव पुसून व्हॉट्सॲपवर फिरवला तर हक्क तुझाच राहतो. फिरवतील, याची खात्री बाळग. म्हणून मजकुराच्या मध्ये कुठेतरी, शेवटी नव्हे, तुझं नाव आणि गाव वाक्यातच गुंफून ठेव. शेवटची ओळ कापणं सोपं असतं.

आता गावाचं. हे मी जरा सावकाश सांगतो. मजुराची मजुरी लिही, पण कोणत्या मालकाने किती दिवस थकवली हे नावानिशी लिहिताना आधी त्या मालकाला विचार. तो काय म्हणाला तेही लिही. भावकीच्या बांधाची भांडणं, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोण दवाखान्यात कशासाठी गेलं, हे तुझ्या ब्लॉगवर कधीच येता कामा नये. तुला ते सगळं माहीत असणार, कारण पाण्याच्या टाकीवर सगळं कळतं. लहान लेकरांचे फोटो टाकू नकोस, घराचं लोकेशन टाकू नकोस, आणि दाजी-अक्का दोघंही शेतावर गेल्याची बातमी त्याच दिवशी देऊ नकोस. स्वतःच्या नावाने लिहायचं की टोपणनावाने, ते घरात बसून ठरव. लोकहितवादी हे टोपणनावच होतं, आणि देशमुख तेव्हा सरकारी नोकरीत होते. मला विचारशील तर हळद, मोंढा, ओव्या यांवर स्वतःच्या नावाने लिही. नावामागे माणूस दिसला की तालुक्यातले लोक स्वतःहून माहिती आणून देतात.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. ॲडसेन्स मराठीला चालतं. वय अठरा पूर्ण लागतं. दहा डॉलर जमले की पत्ता तपासायला गुगल एक पिन पोस्टाने पाठवतं, म्हणजे तो पोस्टमनच साखऱ्यात आणून देईल. पण शंभर डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही, आणि मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला फार वेळ लागतो. महिन्याला पन्नास हजार कमवायला शिकवतो म्हणणाऱ्या कोर्सची जाहिरात तू मला पाठवलीस. त्याची कमाई ब्लॉगमधून होते की तुझ्यासारख्यांच्या फीमधून, एवढं त्याला विचार. ते पैसे वाचव आणि त्यात फोनला एक बरा माइक घे, आजीचा आवाज नीट येईल.

वाचक सुरुवातीला घरचेच असतील. अक्का, मी, तुझ्या दोन मैत्रिणी. आकडा रोज बघू नकोस. पण सेनगावच्या शाळेतल्या त्या तुझ्या मराठीच्या बाईंना लिंक जरूर पाठव, आणि ज्या शेतकऱ्याबद्दल लिहिलंस त्याला तर मजकूर वाचूनच दाखव. तो म्हणाला 'असं नव्हतं', तर लगेच दुरुस्त कर आणि दुरुस्ती केल्याची तारीख खाली टाक.

कुकर कोणत्या दिवशी येणार ते दाजींना विचारून कळव. जमलं तर मीही येतो. तू लिही, मी नुसता बसून बघतो.

तुझा
मामा

ता. क. : ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय आहे. दर महिन्याला ती फाइल उतरवून मला मेल कर. आणि जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी आजच लाव. सोबत दाजींचा नंबर देऊ नकोस, त्यांचा फोन शेतात लागत नाही. अक्काचा दे.