जखमेचे पांघरूण

चुलीवरचे आधण अंगावर सांडले, स्टोव्हचा भडका उडाला किंवा दिवाळीत फुलबाजीची ठिणगी परकरावर पडली, की क्षणार्धात होत्याचे नव्हते होते. भाजण्याचे अपघात बहुधा घरातच घडतात आणि त्यांत स्त्रिया व लहान मुले अधिक सापडतात. अशा वेळी जो तो धावत येऊन काहीतरी लावू पाहतो. कोणी शाई आणतो, कोणी तूप, कोणी हळद. अलीकडे दात घासण्याची पेस्टही पुष्कळ घरांत या कामी येते. यांपैकी एकाही पदार्थाने त्वचेतील आग शमत नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरणे, हाच खरा पहिला उपचार होय. बर्फ मात्र लावू नये; त्याने जळालेल्या त्वचेला आणखी इजा पोहोचते. त्यानंतर जखमेवर स्वच्छ कापड सैलसर पांघरून रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. येथवरचे काम घरच्या माणसांचे. पुढे त्या जखमेवर काय घालावे, हा प्रश्न डॉक्टरांचा. आणि वरवर दिसतो तितका तो सोपा नाही.

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते. तिच्याखाली अंतस्त्वचा असून तिच्यात केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोके असतात. वरचा थर आणि खालच्या थराचा काही भागच जळाला असेल, तर फोड येतात व वेदना असह्य होतात. परंतु केसांच्या मुळांशी ज्या पेशी जिवंत राहिलेल्या असतात, त्या तेथून हळूहळू पसरत जाऊन नवी त्वचा निर्माण करतात. वणवा विझल्यावर जमिनीत राहिलेल्या मुळांतून गवत पुन्हा फुटावे, तसाच हा प्रकार आहे. जखम दोन्ही थर भेदून खोल गेली, तर मात्र फुटण्यासाठी मूळच उरत नाही. अशी जखम पांढुरकी किंवा काळपट दिसते आणि नवल असे की, ती फारशी दुखत नाही. कारण वेदनेची वार्ता मेंदूकडे नेणारे तंतूच जळून गेलेले असतात. दुखत नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त राहतात आणि तेथेच घात होतो.

म्हणूनच शल्यचिकित्सक प्रथम जखमेची खोली पाहतो आणि मग तिच्यासाठी पांघरूण निवडतो. पांघरूण हाच शब्द येथे योग्य आहे. त्वचा नाहीशी झाली, की शरीरातील पाणी व ऊब बाहेर जाऊ लागते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. नवी त्वचा येईपर्यंत जुनीचे काम दुसऱ्या कोणीतरी केले पाहिजे. हे पांघरूण ओलावा राखणारे हवे, तरी जखमेतून येणारा पाझर आत साचता कामा नये. ते जंतूंना अडविणारे हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बदलताना ते जखमेला चिकटलेले नसावे.

ही शेवटची अट वाचताना लहान वाटते. पण भाजलेल्या मुलाला विचारावे! कोरडे जाळीदार कापड जखमेवर बांधले, की पाझर त्यात मुरून वाळतो आणि कापड व जखम एकजीव होऊन जातात. पट्टी सोडताना नुकतीच उगवू लागलेली कोवळी त्वचा तिच्याबरोबर निघून येते. वेदना होतात त्या वेगळ्याच. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील ऑग्यूस्त ल्यूमिएर यांनी यावर तोड काढली. जाळीच्या कापडाला पॅराफिनसारखा स्निग्ध पदार्थ लावून ते जखमेवर घालावयाचे, म्हणजे ते चिकटत नाही. याच ल्यूमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला होता. भारतात हलती चित्रे प्रथम दिसली ती त्या दिवशी. त्यांचे चलत्चित्र सर्वांना ठाऊक आहे, त्यांची पट्टी फार थोड्यांना.

पुष्कळ काळपर्यंत अशी समजूत होती, की जखम उघडी ठेवून वाळू दिली म्हणजे ती लवकर भरते. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या अंगावरील उथळ जखमांवर प्रयोग केला. काही जखमा त्याने पातळ पॉलिथिनने झाकल्या, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि तिच्याखालून वाट काढताना नव्या पेशींना अधिक वेळ लागतो. पुढे १९६८ मध्ये चांदीचा अंश असलेले जंतुनाशक मलम प्रचारात आले आणि खोल जखमांत त्याने मोठेच काम केले. उथळ जखमांत मात्र ते रोज लावल्याने जखम भरण्यास उलट उशीर होतो, असे नंतरच्या परीक्षणांत आढळले. एकच औषध सर्व जखमांना चालत नाही.

न चिकटणारी, ओलावा राखणारी नवी आवरणे परदेशांतील कारखान्यांत तयार होऊ लागली. पण त्यांची किंमत ऐकून गरीब रुग्णाच्या नातलगांचे तोंड उतरे. भाजलेल्या जखमेचे क्षेत्र मोठे असते आणि पट्ट्या पुनःपुन्हा बदलाव्या लागतात. मुंबईत परळ येथील वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी या अडचणीत बटाट्याच्या सालीचा विचार केला. उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीच्या कापडावर जोडून, ती पट्टी वाफेने निर्जंतुक करून जखमेवर घालण्याची त्यांची पद्धत १९८५ साली प्रसिद्ध झाली. साल जंतू मारीत नाही. ती ओलावा धरून ठेवते आणि निघताना त्रास देत नाही. जे फुकट फेकून दिले जाते, त्याचा हा उपयोग! सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम् यांनी मध घालून बांधलेल्या पट्ट्यांचे परीक्षण केले आणि आपले निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यानंतर पाळी आली केळीच्या पानाची. मराठी माणसाच्या पंगतीतील हे पान शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी जळीत विभागात आणले. पान रुंद, गुळगुळीत व थंड असते आणि त्याच्या पृष्ठावर मेणासारखा थर असल्याने ते जखमेला धरत नाही. बटाट्याची साल आणि केळीचे पान यांची त्यांनी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोहोंचा गुण सारखाच आढळला. पान मात्र कितीतरी स्वस्त पडले आणि त्याची पट्टी करणेही सोपे. अर्थात, परसातले पान तोडून कोणी भाजलेल्या हातावर बांधू नये. रुग्णालयात ते निर्जंतुक केलेले असते. परसातल्या पानावर धूळ असते, पाखरांची विष्ठा असते आणि त्यांबरोबर असंख्य जंतू.

उथळ जखमांची सोय अशी झाली. परंतु जेथे दोन्ही थर जळाले आहेत, तेथे पान काय किंवा मलम काय, नवी त्वचा आणू शकत नाही. तेथे रुग्णाच्याच अंगावरील निरोगी भागाची पातळ त्वचा काढून जखमेवर रोपावी लागते. अर्ध्याहून अधिक अंग भाजलेल्या रुग्णाजवळ तेवढी त्वचा शिल्लक नसते. त्याला तोवर वाचविण्यासाठी दुसऱ्या माणसाची त्वचा पांघरावी लागते. ती कायमची टिकत नाही; दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला झिडकारते. पण तेवढ्या अवधीत पाणी व ऊब राखली जाते, जंतू अडतात आणि रुग्णाला धीर धरण्याइतके बळ येते.

या त्वचेसाठी लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नातलगांनी कळविले, तर पेढीची माणसे घरी येतात आणि मांड्या, पाय व पाठ येथील त्वचेचा अगदी पातळ पापुद्रा काढून घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. रक्तगट जुळविण्याचीही गरज पडत नाही. तो पापुद्रा ग्लिसरिनमध्ये बुडवून शीतपेटीत ठेवला जातो आणि एखाद्या मध्यरात्री जळीत विभागात कोणाला आणले, की तेथून बाहेर काढला जातो.