आधी बोल, मग घुमारा

हे बघ पोरी, साउंडबार घ्यायचाय तर घे, पण दुकानात जायच्या आधी हॉलच्या मधोमध उभी राहून एक खणखणीत टाळी वाजव आणि मागून काय उमटतं ते ऐक. तुमचा फ्लॅट मी वास्तुशांतीला पाहिलाय. गुळगुळीत फरशी, एका अंगाला गॅलरीचं सरकतं काचेचं दार, भिंतीवर ना पडदा ना कॅलेंडर. तिथे टाळी ‘टण्ण’ करून परत येते. असल्या खोलीत लाखाचा बार आणून ठेवलास तरी एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन आदळणार. म्हणून पहिले पैसे जाड पडद्यावर आणि सोफ्यापुढच्या सतरंजीवर घाल. मिरजेत चाळीस वर्षं मी रेडिओ-टीव्ही उघडून बसलो होतो. गिऱ्हाईक यंत्राची तक्रार घेऊन यायचं आणि कित्येकदा दोष निघायचा खोलीचा.

जावईबापू म्हणाले, एवढ्या महागड्या टीव्हीचा आवाज असा पिचका कसा? त्यांना म्हणावं, सतारमेकर गल्लीत चला माझ्याबरोबर. पुरुषाच्या तंबोऱ्याचा भोपळा बाईच्या तंबोऱ्यापेक्षा मोठा का निवडतात, ते तिथला कारागीर एका वाक्यात सांगेल. खर्जाला पोट लागतं. 1987 साली रामायण लागायचं तेव्हाच्या टीव्हीला तसं पोट होतं, आणि बऱ्याच सेटांचा स्पीकर पडद्याशेजारी, तोंड आपल्याकडे करून बसलेला असायचा. आताचा टीव्ही म्हणजे पाटी. त्याचे स्पीकर खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे बघत बोलतात. समोरचा माणूस भिंतीकडे तोंड करून बोलला तर आपल्याला जेवढं कळेल, तेवढंच त्या टीव्हीचं कळतं.

तुझे मामंजी टीव्ही मोठा करतात आणि तुम्ही सगळे वैतागता. ते काय म्हणतात ते नीट ऐकलंस का? ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ अगदी बरोबर बोलतात ते. माणसाचा कान 20 हर्ट्झपासून 20,000 पर्यंत ऐकतो म्हणतात, पण ते तरुणपणी. वय झालं की वरचा भाग आधी जातो. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी शे-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असते, ती त्यांना ऐकू येते. स, श, फ, थ ही अक्षरं मात्र दोन-तीन हजारांच्या वर राहतात आणि नेमकी तीच निसटतात. ‘सात’ की ‘हात’, ‘फार’ की ‘पार’, असा गोंधळ होतो. त्यात खालचा घुमारा वाढवलास तर तो वरच्या बारीक आवाजांवर पांघरूण घालतो. म्हणजे घरात म्हातारं माणूस असताना पहिल्याच दिवशी दणदणीत सबवूफर लावणं हे त्यांच्या तोंडावर दार लावण्यासारखंच.

तर खोक्यावरचे आकडे वाचायला शीक. 2.1 म्हणजे डावा, उजवा आणि खालच्या स्वरांचा डबा. 3.1 मध्ये मधला एक वाढतो, आणि तोच तुझ्या कामाचा. सिनेमाच्या 5.1 ध्वनिमिश्रणात संवाद बहुतेक मधल्या वाटेने येतात. डाव्या-उजव्यात गाणं, गर्दी, पाऊस चालू दे. मधला माणूस बोलत राहतो. शिवाय तो वेगळा असला की फक्त संवाद वाढवायची सोय बहुतेक बारमध्ये मिळते. माझं मत विचारशील तर मोठ्या सबवूफरच्या 2.1 पेक्षा साध्या सबवूफरचा 3.1 घे. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. मागे ठेवायच्या स्पीकरांचं म्हणशील, तर तुमचा सोफा भिंतीला चिकटलेला. मागे जागाच नाही, तर 5.1 वर पैसे कशाला?

वॅटांच्या नादी लागू नको. नव्वदच्या दशकात टेपडेकवर ‘1000 वॅट पीएमपीओ’ असं चमचमत्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. उघडून बघावं तर आतला ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा, दहा वॅट सलग देताना तापायचा. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग किती वॅट देतो ते. आणि तेही किती विचारायचं? वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. तेव्हा 300 आणि 400 वॅटांत सव्वा डेसिबलचा फरक, म्हणजे न कळण्यासारखाच, आणि तुमचा हॉल 16 बाय 10 चा.

‘ॲटमॉस’ लिहिलेलं असलं की पोरं हुरळतात. आवाज डोक्यावरून आल्यासारखा वाटावा म्हणून काही बारना वर तोंड केलेले स्पीकर असतात. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली येतो. त्याला सपाट, कडक छत लागतं. आपल्याकडे हॉलच्या मधोमध गरगरणारा पंखा आणि भोवती पीओपीचे चढउतार. आपल्या मिरजेच्या घराला तर कौलं. पुष्कळ बारवर नाव ॲटमॉसचं असतं आणि वर तोंड केलेला स्पीकर एकही नसतो, सगळा गणिताचा खेळ. वाईट नसतो तो, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नको.

दुकानात ऐकायला जाशील तेव्हा त्यांचं ठेवणीतलं चित्र लावू देऊ नको. हेलिकॉप्टर कुठल्याही बारवर छान उडतं. फोनमध्ये तुझं स्वतःचं घेऊन जा. पहिल्यांदा मराठी बातम्या लाव, आवाज इतका बारीक ठेव की शेजारच्याशी सहज बोलता यावं, आणि डोळे मिटून ऐक. शब्द न् शब्द कळला तर पुढे जायचं, नाहीतर तो बार तिथेच सोडायचा. मग तबला असलेलं काहीतरी लाव, भीमसेनांचा एखादा अभंग चालेल. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक जो घिस्सा काढतो ना, तो स्वर खालून वर जाताना ऐकू यायला हवा. स्वस्त सबवूफर काय करतो, घिस्सा असो की ठोका, एकाच स्वरात ‘भुम्म’ म्हणून बसतो. त्याला एवढं एकच अक्षर येतं. दोन बार शेजारीशेजारी ऐकताना दोघांचा आवाज सारखा करून घे. जरासा मोठा वाजणारा कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

जोडणी सोपी आहे. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतील, त्यांतल्या एकावरच ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं असतं. वायर त्यातच घालायची. सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो आणि मामंजींना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. सीईसीला प्रत्येक कंपनी स्वतःचं निराळं नाव देते, तेवढं हुडकावं लागेल. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकल वायर चालते. ब्लूटूथने टीव्ही जोडू नको. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. बारमध्ये आवाज उशिरा सोडायची सोय असते, पण उशिरा आलेला आवाज लवकर आणायची नसते.

आता सबवूफर. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, म्हणून इथे जरा थांबतो.

50 हर्ट्झच्या स्वराची एक लाट 22-23 फूट लांब असते. तुमचा हॉल 16 फुटांचा, म्हणजे लाट खोलीत मावतच नाही. ती भिंतींवर आपटून स्वतःलाच भेटते. काही ठिकाणी फुगते, काही ठिकाणी विझते. 16 फुटांच्या लांबीला सुमारे 35 हर्ट्झचा स्वर फुगतो, 10 फुटांच्या रुंदीला 56 चा. हे फुगणं भिंतीपाशी आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त, खोलीच्या मधोमध सगळ्यात कमी. सोफा भिंतीला, सबवूफर कोपऱ्यात. मग टीव्हीतल्या भाषणालाही ढोलताशाचा घुमारा यायला लागतो आणि आपण दोष देतो कंपनीला.

जागा शोधायची एक युक्ती आहे. जरा हास्यास्पद दिसते, म्हणून सासूबाई भाजीला गेल्या की कर. सबवूफर उचलून सोफ्यावर, तू बसतेस तिथे ठेव. खालचे स्वर सारखे वाजत राहतील असं गाणं लाव. मग हॉलभर रांगत फिर, कान डब्याच्या उंचीवर ठेवून. कुठे नुसतं घुमेल, कुठे काहीच ऐकू येणार नाही, आणि एका ठिकाणी प्रत्येक ठोका सुटा आणि सारखा ऐकू येईल. डबा तिथे ठेवायचा आणि तू सोफ्यावर जायचं. दोघांनी जागा बदलल्या तरी आवाजाची वाट तीच राहते.

पण छोट्या बारचं एक निराळं आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही. मोठे स्पीकर असले की 80 हर्ट्झच्या खालचं तेवढं सबवूफरकडे सोपवतात, आणि इतक्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला उमगत नाही. बारीक बारच्या आत दोन-दोन इंचांचे स्पीकर. ते बिचारे दीडशेच्या आसपासच हात टेकतात. म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा तळ सबवूफरमधून येतो. डबा सोफ्याच्या बाजूला ठेवलास तर नायक पडद्यावर आणि त्याची छाती तुझ्या कोपराशी, असा प्रकार. म्हणून बार लहान असेल तर डबा टीव्हीच्याच बाजूला, भिंतीपासून हातभर पुढे ठेव, आणि रांगायचं तेवढ्याच पट्ट्यात. ‘वायरलेस’ म्हणजे बारपर्यंतची वायर नाही इतकंच. भिंतीतला प्लग लागतोच. प्लग कुठे आहेत ते आधी बघ, नाहीतर हॉलभर एक्स्टेंशन बोर्ड लोळेल.

डब्याचा आवाज शून्यावरून वर ने. ‘हा, आता सबवूफर वाजतोय’ असं जाणवलं की दोन पायऱ्या खाली उतर. तो बंद केल्यावर काहीतरी गेलंसं वाटावं आणि चालू असताना त्याची आठवण येऊ नये. शोकेसमधली काच, सरकत्या दाराची पट्टी, देव्हाऱ्यातली घंटा, यांतलं काय थरथरतंय तेही बघ. एकदा एक गृहस्थ ‘स्पीकर फाटला’ म्हणून डबा घेऊन आले होते. दुकानात निर्मळ वाजला. घरी जाऊन पाहिलं तर मांडणीतल्या स्टीलच्या ताटल्या साथ करत होत्या.

खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार कर. संवाद स्लॅब ओलांडत नाहीत, घुमारा ओलांडतो. डब्याखाली जाड रबराचे तुकडे घाल, आणि रात्री बारची नाइट मोड लाव. ती स्फोट खाली आणते, कुजबूज वर आणते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेली आहे. पण कुणी नियम काढून दाखवायच्या आधी जिन्यातला ‘नमस्कार’ बंद होतो.

एका कंपनीचा सबवूफर दुसऱ्या कंपनीच्या बारशी बोलत नाही, कधीकधी तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलशीही नाही. एक मेला की दुसरा विधवा. तेव्हा वॉरंटी दोन्हींची आहे ना आणि दुरुस्ती केंद्र तुमच्या गावात आहे ना, हे पावती फाडायच्या आधी विचार. आणि खरं सांगू, टीव्हीपेक्षा गाणं जास्त ऐकत असाल तर त्याच पैशांत दोन लाकडी स्पीकर आणि छोटा ॲम्प्लिफायर घ्या. पण जावईबापूंना क्रिकेट बघायचंय, कळलं मला.

बार टीव्हीच्या कपाटातल्या खणात कोंबू नको, कडेला पुढे आणून ठेव. टीव्हीच्या पायांमधली उंची फितीने मोज, नाहीतर रिमोटचा डोळा झाकला जातो. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपती ठेवायचा नाही. काकूला सांगितलंय, पण ती ऐकेल असं वाटत नाही. सबवूफरला हवेसाठी भोक असतं, लहान मुलांना ते गल्ला वाटतं. मी त्यातून गोट्या काढल्यात, रिमोटचे सेल काढलेत, एकदा वाळलेली पाल. आणि फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेव, ओलं फडकं डब्याच्या बुडाला लावायचं नाही. ते लाकूड नसतं, दाबलेला भुसा असतो. पाणी प्यायला की फुगतो, आणि फुगलेला डबा मलाही सरळ करता येत नाही.