रजोनिवृत्ती : विचारपुशीचे महत्त्व

सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच येते. अंगातून वाफा निघणे, झोपमोड, सांधेदुखी, लघवीची जळजळ यांसाठी स्त्री निरनिराळी औषधे घेत राहते. या साऱ्यांचे मूळ एकच असू शकते, हे तिला क्वचितच कोणी सांगते.

१९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथे लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ शिक्षणक्रम बालआरोग्यासाठी सुरू केला. पुढे तो स्त्री-आरोग्यातही रुजला. अशी परिचारिका रुग्णेस निवांत बसवून झोप, आहार, रक्तदाब, साखर, हाडे, मनःस्थिती, घरचा भार असे सारेच विचारते. (‘ऐकून घेणे’ असा रकाना हिशेबाच्या वहीत नसतो, ही आम्हा व्यवस्थापकांची अडचण!)

अशा विचारपुशीतच एखादी सहज बोलून जाते, “पाळी जाऊन दोन वर्षे झाली, पण मध्यंतरी थोडे दिसले.” घरी ते ‘पाळी परतली’ म्हणून सोडून दिलेले असते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, थेंबभर असला तरी, विनाविलंब तपासून घ्यावा. कारण बहुधा साधे निघते. परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेकदा हेच असते, आणि वेळीच सापडल्यास तो बहुतांशी बरा होतो.