घरटी मोजताना

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, ते प्रामुख्याने शेकरू या झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे रान आंबेगाव आणि खेडच्या माथ्यावरून कड्याखाली कर्जत-मुरबाडच्या बाजूला उतरतं. या रानात आणि भोवतालच्या देवरायांत वनरक्षक आणि गावकऱ्यांबरोबर मी बरीच वर्षं मोजणीला जाते. जंगल राखीव म्हणून जाहीर झालं, पण ते खरोखर राखलं जातंय का, हे कसं ओळखायचं? तिथे जे कळलं ते इथे मांडते.

१. घरटं दिसलं म्हणजे शेकरू मोजलं असं होत नाही.

एकच शेकरू आपल्या टापूत अनेक घरटी बांधतं. काही झोपायला, एखादं पिलांसाठी, काही सोडून दिलेली. झाडाखाली उभं राहून दुर्बिणीतून नीट न्याहाळावं लागतं. काटक्यांत हिरवी पानं खोवलेली असतील तर घरटं वापरात आहे. पानं तपकिरी पडून आरपार उजेड दिसत असेल तर जुनं. पण शेंड्याजवळ वाऱ्याने हलणारं घरटं बरेचदा दोन्हींत बसत नाही. त्यासाठी तक्त्यात तिसरा रकाना लागतो : ‘सांगता येत नाही’. नव्या मुलांना तिथे खूण करायचा संकोच वाटतो. मला मात्र तो रकाना भरलेला तक्ता जास्त विश्वासाचा वाटतो.

२. वाट, वेळ आणि माणसं बदलू नका.

शेकरू सकाळी आणि उन्हं उतरल्यावर हिंडतं, भर दुपारी फांदीला चिकटून पडून राहतं. एका वर्षी पहाटे आणि दुसऱ्या वर्षी अकरा वाजता मोजणी केली तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. स्वयंसेवक दुप्पट आले की कागदावर शेकरूही वाढतात. ज्या वाटेवर काहीच दिसलं नाही तिथे शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही.

३. वर बघून झालं की खाली बघा.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांवर आता आकाशातून नजर ठेवली जाते. ब्राझीलची अंतराळ संस्था ॲमेझॉनमधली तोड १९८८ पासून उपग्रहचित्रांवरून दरवर्षी मोजते. तिथे ते उपयोगी पडतं, कारण तोड झाली की मोठमोठे तुकडे उघडे पडतात. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळाभर ढग हटत नाहीत, आणि एरवी वरून हिरवंगार दिसणारं रान खालून पोकळ झालेलं असू शकतं.

देवराईत हे फार जाणवतं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. सातबाऱ्यावर देवराईचं क्षेत्र तेवढंच दिसलं, तरी आतलं रान कसं आहे ते त्यावरून कळत नाही. आम्ही दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखतो आणि गुडघ्याएवढी, कमरेएवढी आणि डोक्यावर गेलेली रोपं वेगवेगळी मोजतो. एका देवराईत त्या चौकोनात जांभूळ, अंजनी, पिसा यांचे जुने वृक्ष होते, पण अंगठ्याएवढ्या जाडीचं एकही रोप नव्हतं. देवळाभोवती फरशी झाली होती, मंडप आला होता, जत्रेच्या स्वयंपाकासाठी जागा झाडून लख्ख केली होती, उरलेल्या भागात गुरं चरत होती. गावाने झाड एकही तोडलं नव्हतं. देवाच्या झाडाला हात लावायचा नाही, हा नेम त्यांनी मनापासून पाळला होता. पण झाडं म्हातारी होतात, आणि इथे त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. तक्ता दाखवल्यावर गावकऱ्यांनी मंडपामागचा तुकडा काट्या लावून बंद केला. पुढे तिथे जांभळाची रोपं मोजायला मिळाली.

४. आधी गावातल्या माणसांना विचारा.

बाळहिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी बायका हंगामभर त्याच झाडांखाली असतात. एका आजींना मी विचारलं, या बाजूला शेकरू राहिलं नाही का? त्या म्हणाल्या, “हाय की. पर ताई, हिकडं येत न्हाई आता. फांदीला फांदी लागंना.” रस्ता रुंद झाल्यावर वरची झाडं एकमेकांपासून लांब गेली होती. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे त्याची वाट तिथे संपते. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात ‘छत तुटलेल्या जागा’ हा रकाना आहे, आणि घरट्यांच्या आकड्यापेक्षा तो मला जास्त सांगतो.

५. आकड्याशेजारी त्या वर्षाची हकिगत लिहा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली. ती नोंद शेजारी नसेल तर त्यानंतरचे आकडे वाचणारा भलताच निष्कर्ष काढेल. वणव्याचंही तसंच.

६. हद्दीबाहेरचं रानही मोजा.

जुन्नरचा बिबट्या कुकडीच्या कालव्यांच्या पाण्यावर वाढलेल्या उसात राहतो, तिथेच पिलं घालतो. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक मोठा नर बाहेर काढून माळशेज घाटात सोडला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याला रेडिओ कॉलर बसवली होती. ‘आजोबा’ या नावाने तो ओळखला गेला. रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. २०११ साली वाहनाच्या धडकेने तो मेला. नकाशावरची अभयारण्याची रेघ त्याच्या जगण्यात कुठेच नव्हती. बिबट्याच्या हल्ल्यांत इथल्या घरांनी लेकरं गमावली आहेत. उसातल्या बिबट्याची नीट नोंद ठेवणं हे त्या घरांसाठीही करायचं काम आहे. नुसतं पकडून दुसरीकडे सोडल्याने त्रास कमी होत नाही, उलट सोडलेल्या भागात हल्ले वाढतात, हे जुन्नरमध्येच अभ्यासातून दिसलेलं आहे.

७. वही गावात राहू द्या.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं रान राखण्याचा अधिकार दिला. तो बजावायचा तर कागद हातात हवा. म्हणून तक्ता मराठीत भरायचा आणि एक प्रत गावात ठेवायची. एका गावी १ मेच्या ग्रामसभेत आम्ही दोन वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. रस्त्याकडेची तुटलेली छतं ऐकल्यावर एका तरुणाने विचारलं, “मग तिथं लावायचं काय?” वनखात्याशी बोलून उंबर आणि जांभूळ लावायचं ठरलं. जूनमध्ये रोपं लागली, आणि आता त्यांची उंचीही तो त्याच वहीत लिहितो.