गोऱ्यांचा मजूर पक्ष आणि आपला शेकाप

प्रश्न : आमच्या घरावर दोन पिढ्या शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) लाल बावटा होता. दक्षिण आफ्रिकेत फक्त गोऱ्या कामगारांचा पक्ष होता असे वाचले. हे खरे का? कामगारांचा पक्ष असा कसा?
— एक वाचक, न्हावा शेवा

उत्तर : खरे आहे. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत ब्रिटनहून आलेल्या कामगारांच्या संघटनांतून १९१० च्या सुमारास तिथला मजूर पक्ष उभा राहिला. कर्नल क्रेसवेल त्याचे नेते. खाणीतले बहुसंख्य मजूर काळे होते, पण पक्षाने त्यांना आपले मानलेच नाही. १९२२ मध्ये गोऱ्यांची कामे कमी मजुरीत काळ्यांना द्यायचे मालकांनी ठरवले आणि मोठा संप पेटला. जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक संपकऱ्यांनी दिली, तीही गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी! सरकारने लष्कर आणि विमाने आणून संप मोडला. मात्र १९२४ मध्ये हाच पक्ष नॅशनल पार्टीच्या हर्टझॉग यांच्याबरोबर सत्तेत गेला. १९२६ च्या कायद्याने खाणीतली ठरावीक कुशल कामे काळ्यांना आणि आपल्या हिंदी लोकांनाही बंद झाली. १९५८ मध्ये पक्षाच्या उरल्यासुरल्या जागाही गेल्या.

शेकापची मुळे वेगळ्या मातीत आहेत. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी १९४७-४८ मध्ये काँग्रेसपासून वेगळी वाट धरली. रायगडात त्याआधीच नारायण नागू पाटलांनी जमीनदार खोतांविरुद्ध चरी गावचा संप लढवला होता, १९३३ ते १९३९. कुळांनी इतकी वर्षे शेते पडीक ठेवली. तुमच्याकडचा कामगार गिरणीतलाच नव्हता. पावसात भात लावणारा, उन्हाळ्यात मिठागरात राबणारा, खाडीत जाळे टाकणारा तो एकच माणूस होता.

त्याच माणसासाठी जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला.

भूमिपुत्राला बंदरात नोकरी हवी, ही मागणी मला गोऱ्यांच्या मागणीसारखी वाटत नाही. ते दुसऱ्याच्या भूमीवर हक्क सांगत होते. इथे स्वतःची जमीन देऊन बसलेले लोक काम मागत आहेत. पण यार्डात राबणारा परप्रांतीय कंत्राटी मजूरही कामगारच आहे, त्याला बावट्याबाहेर ठेवू नका. आणि घरात १९८४ चे कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.