आधी टाका उसवा, मग कात्री धरा

कोट शिवणं ही एक विद्या आहे आणि शिवलेला कोट उसवून अंगाबरोबर करणं ही दुसरी. उत्तम शर्ट-पँट शिवणाऱ्या मास्तरांना हे दुसरं काम येईलच असं नाही. धाकट्या भावाच्या लग्नात आमच्या घराला हे कळलं. लग्नसराईत नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांवर अशी वेळ येते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. पाथर्डी असो, शेवगाव असो की जामखेड, लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की माणसं नगरच्या कापड बाजारात येतात. भावासाठी तिथूनच तयार थ्री-पीस घेतला. खांदे आणि छाती चोख बसत होती. पोटाशी कोट थोडा सैल होता आणि बाह्या थोड्या लांब होत्या. घराजवळच्या टेलरकडे तो अल्टर करायला दिला. शर्ट शिवण्यात त्याचा हात चांगला होता, गावात नावही होतं. त्यानं भावाला कोट अंगात घालायला लावला नाही, खडूची खूण केली नाही. टेपनं वरवर मापं घेतली आणि म्हणाला, "ठेवून जा, होऊन जाईल."

हळदीच्या आदल्या दिवशी कोट घरी आला तेव्हा बटण लागेना. बाह्यांवरची बटणं अगदी कडेला येऊन टेकली होती आणि मागची चीर फाकत होती. तसाच कोट घेऊन आम्ही नगर गाठलं. तिथल्या एका वयस्कर मास्तरांनी अस्तराचे चार टाके उसवून आतली शिवण दाखवली. आधीच्या टेलरनं अस्तर न सोडवता कापड आणि अस्तर एकत्रच मशीनखाली घातलं होतं आणि शिवणीपलीकडची माया, म्हणजे आत राखून ठेवलेलं जादा कापड, कापून टाकली होती. "माया असती तर आत्ता बसल्या बसल्या मोकळा करून दिला असता," मास्तर म्हणाले. "आता पट्टी जोडावी लागेल आणि ती दिसेल. नवरदेवाच्या अंगावर जोड दिसावा, असं काम मी करणार नाही. जाकीट आणि पँटवर उभं करा त्याला." त्यांनी पैसे घेतले नाहीत. भाऊ जाकीट-पँटवर बोहल्यावर चढला.

आमचं घर आता कोटाच्या कामासाठी त्या मास्तरांकडेच जातं. भरवशाच्या कारागिराची खूण मला त्यांच्यात दिसली. जे होणार नाही ते तो आधी सांगतो आणि जे करतो ते परतीची वाट राखून करतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका खुणेवर उभं आहे.

काय होतं, काय होत नाही

टेलरकडे जाण्याआधी एवढं माहीत असलं की फसगत टळते. कोटाचा खांदा ही सर्वांत अवघड जागा. तो उतरत असेल किंवा आवळत असेल तर तो कोट विकतच घेऊ नये. खांदा सोडायचा म्हणजे बाही काढायची, मुंढा नव्यानं बसवायचा आणि आतलं पॅडिंगही हलवायचं. हे फार थोड्यांना जमतं आणि त्याचा खर्चही मोठा येतो. पोटाशी आत घेणं हे सोपं काम, पण त्याला मर्यादा आहे. फार आत घेतलं तर खिसे मागे सरकतात आणि चीर उघडी पडते. कोटाची लांबी एखाद्या इंचापेक्षा जास्त कमी केली की खिसे आणि खालची कड यांचा तोल बिघडतो.

बाही मनगटाकडून कमी करायची तर तिथली बटणंही तेवढीच वर घ्यावी लागतात. त्या बटणांना खरी, उघडणारी काजं असतील तर ती हलवता येत नाहीत. मग बाही खांद्याकडून काढून कमी करावी लागते. पँटचं काम त्यामानानं सोपं. मागच्या मधल्या शिवणीत सहसा इंच-दीड इंच माया असते, त्यामुळे कंबर आतही घेता येते आणि सैलही करता येते. सैल करून घ्यायचं असेल तर आधी कपडा उलटा करून माया पाहावी. माया नसेल तर कोणीही ती आणू शकत नाही.

बहुतेक तयार कोटांत कापडाच्या आत चिकटवलेलं फ्यूजिंग असतं. अशा कोटावर फार गरम इस्त्री किंवा जास्त वाफ फिरली की समोरच्या भागावर फुगे येतात आणि ते जात नाहीत. म्हणून इस्त्री कशी करणार हेही विचारावं. मध्ये सुती कापड घालून करतो, असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे.

कुणाला विचारावं

ज्यांना रोज कोट किंवा गणवेश घालावा लागतो त्यांना विचारावं. जिल्हा न्यायालयातले वकील काळा कोट वर्षानुवर्षं वापरतात, अंग सुटलं की सैल करून घेतात, अस्तर फाटलं की बदलून घेतात. कोटाची डागडुजी नीट कोण करतं हे त्यांना ठाऊक असतं. दुसरं म्हणजे नगर हे लष्कराचं शहर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथेच आहे. गणवेशाच्या फिटिंगमध्ये सूतभरही ढिलाई चालत नाही, त्यामुळे शहराला लागून असलेल्या भिंगारच्या लष्करी भागाकडे ते काम करणाऱ्यांचा हात बसलेला असतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी तिथल्या न्यायालयाबाहेर चौकशी करावी. कापडाच्या दुकानदारानं "आपला माणूस आहे" म्हणून सांगितलं तरी त्या माणसाला स्वतः भेटावं. कपडा परस्पर पाठवू नये.

काम देताना

नव्या टेलरला पहिल्याच दिवशी लग्नाचा कोट देऊ नये. आधी एखाद्या साध्या पँटची लांबी करून घ्यावी. परत आल्यावर ती उलटी करून पाहावी: धागा कापडाच्या रंगाचा आहे का, खालची दुमड हातशिलाईची आहे का, टाके बाहेर दिसतात का, माया शिल्लक ठेवली आहे का. कपड्याची आतली बाजू खोटं बोलत नाही.

कोट द्यायला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जावं. बुटाच्या टाचेवर पँटची लांबी ठरते आणि शर्टाच्या कफावर बाहीची. मास्तरांनी कोट अंगावर घालायला सांगून खडूनं किंवा टाचण्यांनी खुणा केल्या पाहिजेत. हात उचलून, खाली बसून, बटण लावून पाहावं. मग स्पष्ट सांगावं: "आधी कच्च्या टाक्यावर ट्रायल द्या. ट्रायल झाल्याशिवाय काही कापू नका आणि माया ठेवा." चांगल्या मास्तरांना याचा राग येत नाही, त्यांची तीच रीत असते. कापून काढलेलं कापड मागून घ्यावं. पुढे रफू करायचं झालं तर त्याच कापडाचा धागा कामी येतो.

कपडा देण्यापूर्वी त्याचे फोटो काढावेत. कुठे किती काम, किती पैसे आणि कोणती तारीख, हे पावतीवर लिहून घ्यावं. तारीख अशी ठरवावी की चूक निघाली तर ती दुरुस्त करायला अवधी उरेल. जूनमध्ये टेलर शाळेच्या गणवेशांत बुडालेले असतात, दिवाळीआधी नव्या कपड्यांत आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईत. आषाढ-श्रावणात त्यांचा हात मोकळा असतो. कपाटातला जुना सूट नीट करून घ्यायचा असेल तर तेव्हाच द्यावा.

काम बिघडलं तर

आधी त्याच टेलरकडे जाऊन शांतपणे दुरुस्ती किंवा भरपाई मागावी. ऐकलंच नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आपल्या पाठीशी आहे. पैसे घेऊन केलेल्या शिलाईतली कसूर ही सेवेतली त्रुटी ठरते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पावती आणि फोटो तेव्हा कामाला येतात.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अस्तर उसवणं, आतून शिवण घेणं, पुन्हा हातानं टाके घालून बंद करणं यात अनेकदा नव्या पँटच्या शिलाईएवढा वेळ जातो. तरी "एवढंसं तर काम आहे" म्हणत आपण त्याचे पैसे पाडून मागतो. मग जाणते कारागीर हे काम नाकारतात आणि ते "होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या हाती जातं. जो मास्तर आधी उसवतो, अंगावर पाहतो आणि कापड राखून ठेवतो, त्याला सांगेल तो दर द्यावा, हवा तेवढा वेळ द्यावा आणि चार घरांत त्याचं नाव सांगावं. असे मास्तर आपल्या गावात टिकायचे असतील तर त्यांच्या हाताची किंमत आपणच केली पाहिजे.