आधी पाच उड्या, मग संघ

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत कॅडेट आहे. तिला ‘विंग्ज ऑफ ब्ल्यू’ या पॅराशूट संघात जायचंय. उडीचा काहीच अनुभव नाही. जमेल का? – एक आई, डेन्व्हर

उत्तर : अनुभव नसणं हा इथे अडथळा नाही. संघाची वाट अकादमीच्या एएम-४९० या कोर्समधून जाते आणि तिथे बहुतेक जण नवखेच असतात. मात्र पहिलीच उडी एकट्याने मारायची असते. प्रशिक्षकाला बांधून नाही की विमानाला जोडलेल्या दोरीने आपोआप उघडणारी छत्रीही नाही. पॅराशूट स्वतःच उघडायचं. अशा पाच उड्या झाल्या की छातीवर पंखांचा बिल्ला लागतो.

त्याआधी जमिनीवर घोटून घेतात ते मुख्यतः बिघाडाचे प्रसंग : छत्री नीट उघडली नाही तर ती सोडून राखीव कधी उघडायची, हे हातांना पाठ झालं पाहिजे. कंटाळवाणं वाटेल, पण खरी पारख इथेच होते, असं माझं मत. शिवाय तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६,५०० फुटांवर. विरळ हवेत छत्री वेगाने खाली येते.

पालक धाडसाचं कौतुक करतात, पण संघातले कॅडेट पुढे याच कोर्सला नवख्यांना शिकवतात. त्यामुळे बेधडकपणापेक्षा सूचना नेमक्या पाळणारी, दुसऱ्याची चूक शांतपणे दाखवणारी मुलगी तिथे अधिक उपयोगी. सराव मोठा वेळ खातो, तेव्हा अर्जापूर्वी अभ्यासाची गाडी रुळावर आहे ना, एवढं तिला विचारा.